आधी काच, मग बटण

परबबाई आमच्याकडे आल्या त्या पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्याबरोबर काम करणाऱ्या रोहनच्या हातातला अर्धा समोसा काढून घेतला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. ओळख नाही, पाळख नाही. "फिल्मच्या खोलीत तेलकट हात? मेल्या, ह्या हातान देवाक फूल वाहशीत?" रोहन तोंड उघडं टाकून बघत राहिला. आमचे मालक नीलेश सर त्यांच्या मागेच उभे होते, त्यांनीही हातातला बिस्किटाचा पुडा हळूच खिशात घातला. मी मनात म्हटलं, झालं, वाट लागली आपली.

आमचं काम सांगायला सोपं आहे. एका जुन्या कचेरीत जन्ममृत्यूच्या वह्या होत्या, जाडजूड, बांधीव. पूर्वी कधीतरी त्या कचेरीने प्रत्येक पानाचा फोटो काढून तो बारीक फिल्मवर घेतला, फिल्मची रिळं केली आणि रिळं डब्यांत भरली. मूळ वह्या वाळवीने आणि ओलीने गेल्या. राहिली ती फिल्म. आता ती फिल्मही आंबायला लागली, म्हणून ती मशीनमधून फिरवून एकेका पानाची कॉम्प्युटरवर फाइल करायची, हे आमचं कंत्राट. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा. कंत्राटात अट होती, त्या कचेरीच्या फिल्म विभागातलं कोणीतरी जुनं माणूस सल्लागार म्हणून हवं. ते जुनं माणूस म्हणजे परबबाई. जन्मभर त्या विभागात कॅमेऱ्यावर काम करून रिटायर झालेल्या. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आणि आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावरचे पुठ्ठ्याची खोकी करणारे लोक वर येऊन विचारायचे, भांडण झालं का म्हणून.

डबा उघडला की त्या आधी वास घ्यायच्या. आंबलेल्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येतो. आम्ही नाकं दाबायचो, बाई डोळे मिटून हुंगायच्या, जसं कोणी कढी लागलीय का ते बघतं. मग निकाल द्यायच्या. "हे अजून वर्षभर काढील." "हे आज करा, उद्या मेलं." आणि त्यांचा अंदाज चुकला तर? चुकायचा की! पुष्कळदा चुकायचा. 'उद्या मेलं' म्हणून घाईघाईने लावलेलं रीळ ठणठणीत निघायचं. पण बाईंनी आपली चूक कबूल केलीय असं कधी झालं नाही. "मी सांगितलं म्हणून तुम्ही सांभाळून लावलंत, म्हणून वाचलं," असं म्हणून मोकळ्या.

चूक हा शब्द त्या फक्त दुसऱ्यांसाठी वापरायच्या. माझी, रोहनची, नीलेश सरांची, मशीन बनवणाऱ्याची. स्वतःबद्दल एकच वाक्य ठरलेलं होतं, "आधी काच, मग बटण." त्याचा अर्थ त्यांनी आम्हाला इतक्यांदा समजावला की मी झोपेतही सांगेन. वही कॅमेऱ्याखाली ठेवली की पान सपाट राहायला त्यावर काच टाकायची. काच टाकायची, फोटो घ्यायचा, काच उचलायची, पान उलटायचं, पुन्हा काच. काच जड असते, हात भरून येतात. आळशी माणूस काय करतो, काच बाजूला ठेवतो आणि पान नुसतं अंगठ्याने दाबून धरतो. मग पानाबरोबर अंगठ्याचाही फोटो निघतो आणि खालची अक्षरं गेली ती गेली. "कोणाचा जन्म गेला अंगठ्याखाली, कोणाचा बाप गेला," बाई म्हणायच्या. "माझ्या आयुष्यात मी काच सोडली नाही."

त्यांचा स्वतःचा डावा अंगठा मजेशीर होता. लहानपणी गावी बांगडे साफ करताना आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, कापला होता. नख वाढलं ते मधोमध चिरून, दोन भागांत. ते त्या कौतुकाने दाखवायच्या. "एका बोटाक दोन नखां. देवान माका ज्यादा दिल्यान." नवीन कोणी गाळ्यात आलं की चहाबरोबर अंगठ्याचं दर्शन ठरलेलं.

आणि ठरलेली होती ती सावंतांची गोष्ट.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की रोहनच म्हणायचा, "बाई, सावंत होऊन जाऊदे." मग बाई घास खाली ठेवायच्या. त्यांच्या विभागात सकाळपाळीला सावंत आणि दुपारपाळीला परबबाई, एकाच कॅमेऱ्यावर. सावंत भजनी माणूस. बाई सावंतांची नक्कल करायच्या: मान डोलते आहे, तोंडाने अभंग चालू आहे, काच बाजूच्या टेबलावर आरामात झोपली आहे आणि डाव्या अंगठ्याने पान दाबलंय. ताल धरल्यासारखा अंगठा पानावर आपटतो आहे, आणि टाळीवर फोटो! काय हुबेहूब करायच्या. आमचे घास नाकात जायचे. मग तपासणीत रिळांवर अंगठे सापडले, साहेबांनी दोघांना बोलावलं, "कोणाचं हे काम?" असं विचारलं. इथे बाई ताठ बसायच्या आणि साहेबांपुढे बोलल्या होत्या तसंच बोलून दाखवायच्या, "साहेब, माझ्या पानावर काच असते!" सावंतांना कॅमेऱ्यावरून काढलं आणि खाली गोदामात पाठवलं, डबे मोजायला. ते रिटायर होईपर्यंत गोदामातच राहिले. गोष्टीचा शेवट नेहमी एकच, "तेव्हापासून आमच्यात कोणी गलथान निघाला की त्याला सावंताचा अंगठा म्हणतात."

आम्हीही म्हणायला लागलो. रोहनने एक फाइल उलटी लावली, मी म्हटलं, "काय रे, सावंताचा अंगठा!" हो, मीही म्हणायचे.

बाईंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की ती रिळं पुढे येणार आहेत. "बघाल तुम्ही. डोळ्यांनी बघाल." त्यामुळे सिनेमा लागणार असल्यासारखी आम्ही वाट बघत होतो. आणि एक दिवस दुपारी माझ्या स्क्रीनवर पहिला अंगठा आला. जन्माची नोंद, तारीख, बापाचं नाव, आणि आईच्या नावावर हा एवढा अंगठा. मी ओरडलेच, "बाई, आले! सावंत आले!"

रोहन धावत आला. नीलेश सर आले. बाई हातातला चहा सांभाळत आल्या, खुर्ची ओढून ऐटीत बसल्या. "वायच मोठा करून दाखव गो मनीषा. सगळ्यांका दिसूदे."

पूर्वी हे अंगठे बघितले होते ते तपासणीवाल्यांनी, दिव्याच्या टेबलावर भिंगातून, नखाएवढ्या फिल्मवर. अंगठा आहे एवढंच कळायचं. मी माऊसचं चाक फिरवलं. अंगठा वाढत वाढत अख्ख्या स्क्रीनवर पसरला. कातडीच्या रेषा दिसल्या. नख दिसलं. नखाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक चीर होती.

रोहन हसत होता. "काय अंगठा आहे यार! भजनाला साथ देतोय." नीलेश सर हसून फोनवर बोलायला बाहेर गेले. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी हळूच बाजूला बघितलं. बाईंचा चहाचा कप उजव्या हातात होता आणि डावा हात पदराखाली गेला होता.

"लहान कर," त्या म्हणाल्या. "लहान कर म्हणते ना."

परबबाईंचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी झूम कमी केला. त्यांनी कप टेबलावर ठेवला, डोकं दुखतंय म्हणाल्या आणि निघून गेल्या. मागे रोहन मला म्हणाला, "बाईंना नक्की काय झालं?" मी म्हटलं, "वय झालं रे." दुसरं काय सांगणार? मलाच कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं. त्यांचं नाही, माझंच काही उघडं पडल्यासारखं.

त्या दोन-तीन दिवस आल्या नाहीत. तेवढ्या दिवसांत मी पुढची रिळं बघितली. अंगठे पुष्कळ होते आणि प्रत्येकावर चीर होती.

आल्या त्या सकाळी लवकर. गाळ्यात मी एकटीच होते. समोर बसल्या. डावा हात पर्समध्ये घातलेला, काहीतरी शोधल्यासारखा, आणि तो बाहेर काढतच नव्हत्या.

"तू बघितलंस."

"हो बाई."

"कोणाला बोललीस?"

"नाही."

मग म्हणाल्या, "काच तडकली होती गो. माझ्याच हातून. पाळीपाळीची काच वेगळी, ज्याची त्याच्या कुलपात, म्हणून सावंतांना कळलं नाही. कळवलं असतं तर नवीन काच येईपर्यंत माझी पाळी बंद. आणि मला काम संपवून गणपतीला गावी जायचं होतं, रजा मंजूर झालेली. म्हटलं, थोडेच दिवस, अंगठ्याने भागेल. परत आल्यावर सांगितलं की आत्ताच तडकली म्हणून." त्यांनी ओठ पुसले. "पुढे साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून गेलंच, माझ्या पानावर काच असते म्हणून. असतेच ना! एरवी असतेच. मग सावंत खाली गेले. मला वाटलं, चार दिवसांनी वर येतील. नाही आले. मग कोणी विचारलं की मी सांगायचे, सावंतांचं काम. पुढे पुढे तर मला दिसायलाच लागले ते तसे, भजन म्हणत अंगठा दाबणारे. खरंच सांगते, परवा तुझ्या त्या पडद्यावर बघेपर्यंत मी विसरले होते."

विसरल्या होत्या? मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. पण खोटं बोलणाऱ्या माणसाचं तोंड तसं दिसत नाही एवढं खरं.

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये ते बोट पुसायचं आहे ना काहीतरी?"

आहे. पानावर कोणाचं बोट आलं असेल तर कॉम्प्युटर ते ओळखतो आणि तिथे कागदाचा रंग भरतो. खालची अक्षरं काही परत येत नाहीत, पण पान स्वच्छ दिसतं. नीलेश सरांनी तर सांगूनच ठेवलं होतं की सगळे अंगठे काढून टाका, गिऱ्हाइकाला साफ पान लागतं. म्हणजे मी ते करणारच होते. कोणाला विचारायची गरजच नव्हती.

"एक करून दाखव," बाई म्हणाल्या.

मी तो पहिलाच, आईच्या नावावरचा अंगठा घेतला. अंगठा गेला. त्या जागी गुळगुळीत, पिवळट, कोरा कागद उरला. जणू तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं. त्या पोराला आईच नव्हती.

बाई बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे आलं ते सुटल्याचं होतं, मी बघितलं ते. सुटले बाई एकदाची, असं. आणि लगेच त्याचीच त्यांना लाज वाटली असावी, कारण कान लाल झाले. "परत आण," त्या म्हणाल्या. "परत आण तो. आण आधी!"

मी परत आणला.

त्या दुपारी त्यांनी नीलेश सरांशी असं भांडण काढलं की खालचे खोकीवाले खरंच वर आले. अंगठे पुसायचे नाहीत. जे फिल्मवर आहे ते फाइलमध्ये गेलं पाहिजे. सर म्हणाले, "अहो बाई, कोणाला हवाय त्या सावंताचा अंगठा?" बाई एक क्षण थांबल्या. मला वाटलं, आता सांगतील. नाही सांगितलं. म्हणाल्या, "पान कोरं दिसलं तर लोक समजतील नोंदच केली नव्हती. अंगठा दिसला तर निदान कळेल की खाली नाव होतं आणि ते कोणीतरी झाकलं." सर वैतागून हो म्हणाले. प्रत्येक फाइलखाली शेऱ्याची जागा असते. सर गेल्यावर बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "लिही. फोटो घेणाऱ्याचा अंगठा. पुढे माझं नाव लिही. पूर्ण लिही." मी प्रत्येक अंगठ्याखाली ते टाइप केलं. त्या शेजारी बसून प्रत्येक वेळी वाचायच्या, शाळेत शंभर वेळा लिहायची शिक्षा झाल्यासारख्या. सावंतांची गोष्ट मात्र जेवणात पुन्हा झाली नाही. रोहनने एकदा मागितली. बाई डबा बंद करून उठून गेल्या.

पण फाइलखालचा शेरा कोण वाचतं? सावंत थोडेच वाचणार होते. हे बाईंनाही कळत होतं. एक दिवस त्या म्हणाल्या, "मनीषा, दिवाळीनंतर आमच्या जुन्या स्टाफचा मेळावा आहे, बोरिवलीला. तू चल माझ्याबरोबर. एकटीने जमायचं नाही मला."

हॉल छोटा होता, पण भरलेला. सगळे सत्तरीच्या आसपासचे, मोठमोठ्याने बोलणारे, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करणारे. बाई आत शिरल्या तसा कल्ला झाला. "आल्या, परबबाई आल्या!" आणि मला कळलं की ती गोष्ट फक्त आमच्या गाळ्यातली नव्हती. दरवर्षी त्या मेळाव्यात बाई सावंतांची नक्कल करायच्या. तो ठरलेला कार्यक्रम होता, जेवणाआधीचा. बाई दाराकडे बघत होत्या. "सावंत येत नाहीत का?" मी विचारलं. "यायचे पूर्वी. पहिली काही वर्षं," त्या म्हणाल्या. "समोरच बसायचे. मी त्यांच्यासमोर करायचे गो." हे बोलताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

त्यांना माईक दिला. लोक आधीच हसायला लागले होते. बाई म्हणाल्या, "आज मी नक्कल करणार नाही. ते अंगठे सावंतांचे नव्हते. माझे होते. काच माझ्याकडून तडकली होती आणि मी खोटं बोलले. हा बघा." आणि डावा हात वर केला, अंगठा ताठ.

हॉल हसून फुटला. अक्षरशः फुटला. त्यांना वाटलं, यंदा बाईंनी नवीन काढलं! एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "परबबाई, तुम्ही आणि काच विसरणार? अहो, सूर्य पश्चिमेला उगवेल!" कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" बाई पुन्हा म्हणाल्या, "खरंच माझा होता." अजून मोठा हशा. हात तसाच वर. मग तो हळूहळू खाली आला. इतकी वर्षं त्यांनी मोठ्या आवाजात जे सांगितलं ते सगळ्यांनी खरं मानलं होतं, आणि आता खरं सांगत होत्या तर ते करमणुकीत जमा झालं. मी उठून सांगायला हवं होतं, मी बघितलंय म्हणून. पण मी तिथे परकी, आणि तोंडच उघडेना. बाईंनी श्रीखंडाला हात लावला नाही. रिक्षात मी म्हटलं, "सांगितलंत ना तुम्ही." त्या म्हणाल्या, "सांगितलं कुठे? हसवलं."

मग आला पेन्शनरांचा हयातीचा दाखला. दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं बँकेत जाऊन सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबतं. मशीनवर अंगठा ठेवायचा, दिवा हिरवा झाला की तुम्ही जिवंत. बाईंनी मला बरोबर नेलं. गोरेगावची शाखा, जुन्या कचेरीच्या सगळ्यांची पेन्शनं तिथेच. आत शिरता शिरता त्या थबकल्या. रांगेत शेवटी एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी.

"सावंत," बाई म्हणाल्या. मला वाटलं आता मागे फिरतात. मीही म्हटलं, "नंतर येऊया का?" पण त्या गेल्या. सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सावंतांनी बघितलं. ना हसले, ना रागावले. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

"सावंतानू," बाई म्हणाल्या, "त्या रिळावरचो अंगठो माझो होतो."

"माका ठावक होता."

बाईंना हे अपेक्षित नसावं. "ठावक होता? मगे बोललात कित्या नाय?"

"बोललंय," सावंत म्हणाले. त्यांचा आवाज बारीक, शांत. "सायबाकडे बोललंय, युनियनीत बोललंय. हात दाखवलंय माझो. कोणी आयकला? तुमचो आवाज मोठो, परबबाई."

मी जमिनीकडे बघत होते, फरशीला मध्ये मध्ये टवके गेले होते ते.

बाई म्हणाल्या, "मी मेळाव्यात सगळ्यांका सांगलंय. हसले."

"हसतले," सावंत म्हणाले. "सवय लागली त्येंका." आणि त्यांचा नंबर आला. त्यांनी अंगठा ठेवला, दिवा हिरवा झाला. "झालं काका," खिडकीतला क्लार्क म्हणाला. ते बाजूला होऊन पासबुक पिशवीत घालत राहिले.

बाईंनी अंगठा ठेवला. लाल. "नीट दाबा आजी." लाल. "पुसून ठेवा." लाल. "दुसरा ठेवा." बाईंनी पदराखालचा डावा हात काढला, तो चिरलेल्या नखाचा अंगठा ठेवला. तोही लाल. क्लार्क म्हणाला, "रेषा झिजल्यात. वयात होतं असं. डोळ्यांचं मशीन बंद आहे आमचं. कागदावर करून देतो, पण या शाखेत खातं असलेलं कोणीतरी लागेल, तुम्हाला ओळखणारं. साक्षीदार म्हणून सही करायला." मी पुढे झाले. "तुमचं खातं आहे इथे?" नव्हतं. "मग नाही चालणार. आहे का कोणी ओळखीचं?"

बाईंनी मागे वळून बघितलंही नाही. खिडकीच्या कडेला धरून उभ्या होत्या, मान खाली. मला वाटतं, त्या क्षणी कोणी म्हटलं असतं की तुम्ही जिवंत नाही, तर त्यांनी ते मान्य केलं असतं.

सावंत दारापर्यंत गेले होते. ते परत आले. पिशवी काखेत मारली आणि म्हणाले, "द्या हकडे. मी वळाखतंय हेंका."

क्लार्कने कागद पुढे केला. सावंतांनी सावकाश, गोदामातले डबे नोंदवत असतील तसं, स्वच्छ अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सही केली. पेन ठेवलं. बाई म्हणाल्या, "सावंतानू, वायच बसा. चाय घेवया."

"नको," ते म्हणाले. "घराकडे वाट बघतत." आणि चालू लागले.

वर पंखा होता. कागद उडायला लागला. बाई सावंतांच्या पाठीकडे बघत होत्या, डोळे भरलेले, आणि त्यांचा डावा हात आपोआप पुढे गेला आणि कागद दाबून धरला. जन्मभराची सवय. क्लार्क शिक्का हातात घेऊन वाकला.

"आजी, अंगठा काढा ना," तो म्हणाला. "साक्षीदाराचं नाव झाकलंय."

तापल्या तव्याला लागावा तसा बाईंनी हात उचलला. दारात सावंत थांबले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते वळले नाहीत, एका हाताने दार धरून क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग पायऱ्या उतरून गेले. बाई दोन्ही हात पाठीमागे घेऊन, शाळेत उभं केल्यासारख्या, शिक्का पडेपर्यंत उभ्या होत्या.